भाकरी, कण्या, ताक, पाणी

आमच्या आबांनी आमटीत भाकरी कुस्करून खायला सुरुवात केली ती १९९८ च्या दिवाळीनंतर. त्याआधी त्यांना भाकरी कडकच लागायची. तव्यावरून उतरल्यावर चुलीला टेकवून ठेवलेली, मोडली की आवाज येणारी. आजी म्हणाली, "दात गेलं आता म्हाताऱ्याचं." सगळे हसले, आबाही हसले. संक्रांतीपर्यंत ते ज्वारीच्या कण्यांवर आले. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, त्या संपल्यावर पुन्हा दिल्या. शिमग्याला ताक, आणि पाडव्याला पाण्याचा घोटसुद्धा अर्धा परत यायला लागला, तेव्हा माझे वडील त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन गेले. तिथे दुर्बीण घालून पाहिलं. अन्ननलिकेचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या.

वडिलांनी खर्च विचारला, किती दिवस राहावं लागेल ते विचारलं. आबांनी काहीच विचारलं नाही. एस.टी.त बसल्यावर म्हणाले, "तिकडं जाऊन मरायचं, तर मग हितं काय वाईट हाय?" पालख्या निघायच्या आठवडाभर आधी ते गेले. मी तिसरीत होतो.

मोठा झाल्यावर कसल्याशा कामासाठी आबांचा मृत्यूचा दाखला हातात आला. नाव, वय, तारीख, ठिकाण एवढंच होतं. आपल्याकडच्या दाखल्यावर मरणाचं कारण छापत नाहीत. तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला, की आबा कशाने गेले याची नोंद नक्की कुठे आहे? आणि त्याच्या मागोमाग दुसरा, जो कॅन्सरने माणूस गमावलेल्या प्रत्येक घरात कधी ना कधी येतो: ते दुसरीकडे कुठे जन्मले असते, तर वाचले असते का?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जो इतिहास वाचत गेलो, तो इथे सांगतो. त्यात न्यूयॉर्क आहे, चीनमधला एक दुष्काळी तालुका आहे, जपान आहे, परळ आहे आणि आमच्या गावापासून फार लांब नसलेली बार्शीही आहे.

नळीचा स्वभाव

आधी या आजाराची एक खोड समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

अन्ननलिका म्हणजे साधारण पंचवीस सेंटिमीटरची स्नायूंची नळी. ती ताणली जाते. आत गाठ वाढायला लागली, तरी उरलेली बाजू ताणून ती घासाला वाट करून देते. निम्म्याहून जास्त वाट बंद झाल्यावरच माणसाला काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. म्हणजे आबांची भाकरी अडकली, त्या दिवशी आजार सुरू झाला नव्हता. तो बराच पुढे गेला होता. शिवाय पोटातल्या बहुतेक अवयवांवर बाहेरून एक पातळ आवरण असतं, ते या नळीला नाही. त्यामुळे गाठ भिंत ओलांडून शेजारच्या श्वासनलिकेकडे, महाधमनीकडे, लसीकाग्रंथींकडे लवकर सरकते.

या कॅन्सरचे मुख्य प्रकार दोन. अमेरिका आणि पश्चिम युरोपात लठ्ठपणा आणि वर्षानुवर्षांच्या आम्लपित्ताशी जोडलेला प्रकार गेल्या पन्नास वर्षांत वाढला. आशिया आणि आफ्रिकेत मात्र नळीच्या अस्तराच्या चपट्या पेशींपासून होणारा जुना प्रकारच प्रमुख आहे. तंबाखू, दारू, सुपारी, फार गरम पेयं आणि निकस आहार यांच्याशी त्याचा संबंध आहे. २०२२ साली जगात अन्ननलिकेच्या कॅन्सरचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण सापडले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार माणसं त्याने गेली. हे दोन आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते बघा. बहुतेक लोक उशिराच पोहोचतात, हे त्यातच लिहिलेलं आहे.

शंभरातले चार

छातीच्या आतली ही नळी कापून काढणं एकोणिसाव्या शतकात अशक्यच मानलं जायचं. छाती उघडली की फुप्फुस मिटतं आणि रुग्ण टेबलावरच जातो. १४ मार्च १९१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक या सर्जनने एका सदुसष्ट वर्षांच्या बाईंची अन्ननलिका यशस्वीपणे काढली. नळीचं वरचं तोंड मानेवर आणलं, पोटात एक भोक ठेवलं आणि दोन्हींच्या मध्ये शरीराबाहेरून एक रबरी नळी जोडली. घास मानेतून बाहेर यायचा आणि रबरातून पोटात जायचा. त्या बाई त्यानंतर बारा-तेरा वर्षं जगल्या.

पुढची वीस वर्षं मात्र असं यश फारसं कुणाला मिळालं नाही. १९३३ मध्ये क्योतोच्या तोहरू ओसावा यांनी नळी काढून जठर थेट छातीत वर ओढून जोडण्याच्या शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. १९४० मध्ये बीजिंगमध्ये वू यिंगकाई यांनी चीनमधली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. १९४६ मध्ये आयव्हर लुईस या वेल्श सर्जनने पोट आणि उजवी छाती अशा दोन टप्प्यांची पद्धत मांडली. तिच्या सुधारित रूपांवर आजही जगभर काम चालतं.

पद्धती आल्या, पण माणसं वाचली का? १९८० मध्ये लंडनचे सर्जन रिचर्ड अर्लम आणि ब्राझीलचे कुन्हा-मेलो यांनी तोवरचे १२२ शोधनिबंध आणि त्यांतले ८३,७८३ रुग्ण एकत्र करून हिशेब मांडला. शंभर रुग्ण आले तर ५८ जणांचं ऑपरेशन सुरू होतं. त्यातल्या ३९ जणांची गाठ काढता येते. त्या ३९ पैकी १३ जण रुग्णालयातच दगावतात आणि २६ घरी जातात. एका वर्षाने १८ उरतात, दोन वर्षांनी ९, पाच वर्षांनी ४.

हा हिशेब वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. आबांचं बोलणं अडाणीपणाचं नव्हतं. त्यांच्या पिढीने मुंबईला गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांवरून जे ताडलं होतं, ते १९८० च्या जगाच्या आकडेवारीपासून फार लांब नव्हतं.

फक्त १९८० पर्यंत काही ठिकाणी वेगळं काहीतरी सुरू झालं होतं.

पाणी, रस्ता आणि घास

चीनच्या हनान प्रांतात ताईहांग डोंगररांगेच्या पायथ्याशी लिनशियान नावाचा तालुका आहे. आता त्याला लिनझोऊ म्हणतात. दगडाळ जमीन, कायमचा दुष्काळ, कोंड्याचं अन्न. १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथले पक्षसचिव यांग ग्वे यांनी पंतप्रधान चौ एन-लाय यांच्यासमोर तालुक्याची तीन दुःखं मांडली, असं सांगतात: आमच्याकडे पाणी पोहोचत नाही, रस्ता पोहोचत नाही आणि माणसाच्या गळ्याखाली घास पोहोचत नाही.

पाण्यासाठी तिथल्या लोकांनी १९६० ते १९६९ या काळात डोंगराच्या कड्यात जवळजवळ हातांनीच सुमारे सत्तर किलोमीटरचा मुख्य कालवा खोदला. लाल ध्वज कालवा म्हणून तो चीनभर प्रसिद्ध आहे. घासाची गोष्ट त्यामानाने कमी सांगितली जाते.

१९५९ मध्ये डॉक्टरांची पथकं तालुक्यात उतरली. घरोघर फिरून त्यांनी मोजलं, तेव्हा दर लाखात शंभराहून जास्त लोकांना दर वर्षी हा आजार होत असल्याचं दिसलं. जगात फार थोड्या ठिकाणी इतकं प्रमाण आहे. आणखी एक विचित्र गोष्ट कळली. माणसांच्या उष्ट्याखरकट्यावर वाढणाऱ्या गावातल्या कोंबड्यांच्याही घशात आणि अन्ननलिकेत कॅन्सरच्या गाठी सापडत होत्या. संशय अन्नावर गेला. हिवाळाभर मडक्यात आंबवलेली भाजी, तिच्यावर धरणारी बुरशी, विहिरीचं पाणी, आहारात फळांचा आणि जीवनसत्त्वांचा अभाव. यातलं नेमकं एक कारण कधीच सिद्ध झालं नाही. अनेक गोष्टी मिळून हे होत असावं, असं आजही मानतात.

मला जास्त गुंतवून ठेवलं ते त्यांच्या पुढच्या कामाने. हनान वैद्यकीय महाविद्यालयातल्या शेन छ्योंग या डॉक्टरांनी एक साधं साधन बनवलं. एका बारीक नळीच्या टोकाला जाळी चढवलेला छोटा फुगा. माणसाने तो रिकामा गिळायचा, आत गेल्यावर हवा भरायची आणि हळूहळू वर ओढून काढायचा. जाळीवर अस्तराच्या पेशी खरवडून येतात, त्या काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. वीज लागत नाही, ऑपरेशन थिएटर लागत नाही. घास अजून अडलेलाच नाही, अशा माणसांमध्ये कॅन्सर सापडायला लागला.

फुग्यात उणिवा होत्या. पुढे १९९० च्या दशकात त्याची दुर्बिणीशी तुलना झाली, तेव्हा निम्म्याहून जास्त विकृती त्यातून निसटतात असं दिसलं. त्याच तालुक्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेबरोबर १९८६ ते १९९१ या काळात जवळजवळ तीस हजार लोकांना जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन मोठा प्रयोग झाला. सेलेनियम, बीटा-कॅरोटिन आणि ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यू नऊ टक्क्यांनी कमी झाले. जठराच्या कॅन्सरचे मृत्यूही घटले. अन्ननलिकेच्या कॅन्सरवर मात्र ठळक परिणाम दिसला नाही. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तोच आजार दाद देईना.

तरीही इथे एक मोठी गोष्ट झाली होती. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न बघता दवाखाना गावात गेला होता.

तपकिरी रंग आणि न रंगलेला ठिपका

अन्ननलिकेच्या कॅन्सरनंतर रुग्ण पाच वर्षं जगण्याचं प्रमाण कुठे सर्वांत चांगलं, असं विचारलं तर उत्तर जपान असं येतं. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ७१ देशांची तुलना प्रसिद्ध झाली. बहुतेक देशांत हे प्रमाण दहा ते तीस टक्क्यांच्या मध्ये होतं. जपानमध्ये ३६ टक्के.

यामागे दोन गोष्टी आहेत. पहिली दुर्बीण. जपानमध्ये जठराचा कॅन्सर फार, म्हणून दुर्बिणीची तपासणी तिथे अगदी रोजची झाली. जठर बघायला निघालेली दुर्बीण अन्ननलिकेतूनच जाते. तिथल्या डॉक्टरांनी जाता जाता नळीवर आयोडीनचं द्रावण फवारायला सुरुवात केली. हे द्रावण १८२९ मध्ये ल्यूगोल या फ्रेंच डॉक्टरने तयार केलेलं. निरोगी अस्तरात साठवलेली शर्करा आयोडीनने तपकिरी होते. बिघडलेल्या पेशींत ती कमी असते, त्यामुळे तेवढा ठिपका रंगत नाही. साध्या डोळ्याला सपाट, गुलाबी दिसणाऱ्या अस्तरावर शेंगदाण्याएवढा कॅन्सर असा उघडा पडतो. इतक्या लवकर सापडला, तर छाती उघडायची गरजच नाही. दुर्बिणीतूनच वरचा थर सोलून काढता येतो. हे तंत्रही जपानमध्येच विकसित झालं.

दुसरी गोष्ट शस्त्रक्रियेतली शिस्त. चिबा इथले कोमेई नाकायामा यांच्यापासून तिथे या एकाच ऑपरेशनला आयुष्य वाहिलेल्या सर्जनांची परंपरा आहे. मान, छाती आणि पोट या तिन्ही ठिकाणच्या लसीकाग्रंथी काढण्याची पद्धत त्यांनी १९८० च्या दशकात रुळवली. २०११ सालच्या देशभराच्या नोंदींत ५,३५४ शस्त्रक्रियांपैकी तीस दिवसांच्या आत दगावलेल्यांचं प्रमाण १.२ टक्के होतं. अर्लम यांच्या हिशेबातला ३९ पैकी १३ हा आकडा आठवून बघा.

इथे थोडं थांबून एक शंका घ्यायला हवी. मीही ती उशिराच शिकलो. समजा, एका माणसाचा मृत्यू २०१० मध्येच व्हायचा आहे. त्याचा कॅन्सर २००९ मध्ये सापडला, तर तो एक वर्ष 'जगला'. तोच २००४ मध्ये सापडला, तर सहा वर्षं 'जगला', म्हणजे पाच वर्षं जगलेल्यांच्या यादीत गेला. मरणाची तारीख तीच राहिली. फक्त मोजायला आधीपासून सुरुवात झाली. त्यामुळे लवकर शोधणाऱ्या देशांचे जगण्याचे आकडे थोडे फुगलेले असणारच.

मग लवकर शोधल्याने खरंच माणसं वाचतात, की आपण फक्त घड्याळ आधी सुरू करतो? याचं उत्तर पुन्हा चीननेच दिलं. लिनशियानपासून जवळ, हबेई प्रांतातल्या त्सशियान तालुक्यातल्या काही गावांत प्रौढांची एकदाच आयोडीन लावून दुर्बिणीने तपासणी केली. शेजारच्या तशाच गावांत केली नाही. दहा वर्षांनी दोन्हीकडचे मृत्यू मोजले. तपासणी न झालेल्या गावांत या कॅन्सरने ५.०५ टक्के लोक गेले, तपासणी झालेल्या गावांत ३.३५ टक्के. म्हणजे मृत्यूच एक तृतीयांशाने कमी झाले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

बसलेला हात

लवकर सापडणं हा एक भाग झाला. उशिरा सापडल्यावरही कुठे उपचार होतात त्याने फरक पडतो, आणि हा फरक श्रीमंत देशांच्या आतही आहे.

२००२ मध्ये अमेरिकेत वयस्कर रुग्णांच्या सरकारी विम्याची आकडेवारी तपासून जॉन बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की वर्षाला दोनपेक्षा कमी अन्ननलिका काढणाऱ्या रुग्णालयांत सुमारे २० टक्के रुग्ण दगावतात आणि वर्षाला एकोणीसपेक्षा जास्त करणाऱ्यांत ८ टक्क्यांच्या आसपास. देश एक, विमा एक, ऑपरेशन एक. फरक पडतो तो हात बसलेला असण्याचा. आणि हात फक्त सर्जनचा नाही. भूल देणारे, रात्री अडीच वाजता ताप चढलेला बघून टाका उसवल्याचा संशय घेणाऱ्या नर्स, नळीतून अन्न कधी सुरू करायचं हे जाणणारे, असे सगळेच.

नेदरलँड्सने यावरून नियम केला. २००६ पासून वर्षाला किमान दहा आणि २०११ पासून किमान वीस शस्त्रक्रिया होत नसतील, तर त्या रुग्णालयाने ही शस्त्रक्रिया करायचीच नाही. लहान देश, चांगल्या रेल्वे. रुग्णाला दोन तास लांब जावं लागलं तरी चालतं.

आपल्याकडे हीच गोष्ट नियमाशिवाय घडली आणि अंतर दोन तासांचं राहिलं नाही.

परळ

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या, त्यामागोमाग दोराबजी गेले, आणि त्यांच्या नावाच्या ट्रस्टने हे रुग्णालय उभं केलं. १९५७ मध्ये ते केंद्र सरकारकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेलं. पुढची कित्येक दशकं 'टाटाला नेलंय' या दोन शब्दांत महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात निदान सांगून व्हायचं.

या शहराने आणखी एक काम केलं. १९६३ मध्ये डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कॅन्सर नोंदणी सुरू केली. मुंबईत राहणाऱ्या कुणालाही कॅन्सर झाला, की तो मोजायचा. एकाच शहरात राहणाऱ्या वेगवेगळ्या समाजांत चित्र वेगळं दिसलं. पारशी समाजात तंबाखूशी जोडलेले तोंडाचे, घशाचे, अन्ननलिकेचे कॅन्सर कमी होते आणि स्तनाचा जास्त. बाकीच्यांत उलट. जस्सावाला आणि देशपांडे यांनी १९७१ मध्ये तंबाखू चघळणं, ओढणं आणि हे कॅन्सर यांचा संबंध आकड्यांत मांडला. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये आपल्या बायका पुरुषांच्या फार मागे नाहीत, हेही पुढे दिसत राहिलं. आपल्याकडच्या आयाबाया मशेरी लावतात, हे आपण घरात बघितलेलं असतं. ती भाजलेली तंबाखूच असते, हे मनात येत नाही.

पण परळमध्ये एकवटलेल्या ज्ञानापर्यंत पोहोचायला माणसाला मुंबईत राहावं लागतं. अन्ननलिकेचा उपचार एका फेरीत होत नाही. तपासण्या, किरणोपचार किंवा केमोथेरपी, मग ऑपरेशन, मग पुन्हा दाखवणं. काही महिने. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांच्या किती पिढ्या राहून गेल्या असतील. गाडगेबाबांनी देवळाऐवजी धर्मशाळा बांधल्या, हे शाळेत वाचलं होतं. त्याचा अर्थ तिथल्या जिन्यावर नाकात नळी घातलेला माणूस आणि त्याच्याशेजारी पिशवी सांभाळत बसलेली बायको बघितल्यावर कळला. तिथेही जागा मिळाली नाही, तर परळचा फूटपाथ.

आबांनी विचारलं नाही, पण वडिलांनी विचारलेला प्रश्न हाच होता: किती दिवस राहावं लागेल? औषधाचा खर्च कदाचित कुठून तरी उभा राहिला असता. ज्वारीची काढणी, दोन म्हशी आणि तीन महिने मुंबई हे एकत्र बसत नव्हतं.

बार्शी

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. आबांची नोंद कुठे आहे?

१९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके, ३४६ गावं, सुमारे चार लाख लोक. मुंबईत नोंदणी करायची म्हणजे रुग्णालयं आणि प्रयोगशाळांतली कागदपत्रं गोळा करायची. बार्शीकडच्या गावांत कागदच नव्हते. म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जायला लागले. सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक, दाई, जुनीजाणती माणसं यांना विचारायचं: कुणाला गाठ आहे का, कुणाला घास गिळायला त्रास होतो का, अंगावर रक्त जातं का? अशी माणसं सापडली, की त्यांना बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयात तपासायला आणायचं.

काही वर्षांनी एक न योजलेला परिणाम दिसला. नोंदणीचे लोक येऊन विचारतात म्हणून गावं या लक्षणांबद्दल बोलायला लागली होती, आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात यायला लागल्या होत्या. हे निरीक्षण १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. कुठलंही नवं यंत्र आणलं नव्हतं, नवं औषध नव्हतं. कुणीतरी दर काही महिन्यांनी येऊन प्रश्न विचारत होतं.

परांडा तालुका आमच्या करमाळ्याला लागून आहे. १९९९ मध्ये नोंदणीची हद्द तिथे संपायची. मुंबईची नोंदणी मुंबईच्या रहिवाशांची, बार्शीची नोंदणी तीन तालुक्यांची. आबा दोन्हींच्या बाहेर. ते टाटाला गेले असते, तर निदान त्या रुग्णालयाच्या रजिस्टरात आले असते. गेले नाहीत, म्हणून ते कुठल्याच आकड्यात नाहीत. आपण ज्याला देशाचा आकडा म्हणतो, तो असा हद्दींच्या आत मोजलेल्या माणसांचा असतो. बाकीचे अंदाजाने धरलेले असतात.

आपलाही नकाशा

भारतात हा आजार सगळीकडे सारखा नाही. महाराष्ट्रातल्या नोंदण्यांत दर लाखात एक आकडी प्रमाण दिसतं. काश्मीरमध्ये ते जास्त आहे. तिथे खारट गरम चहा आणि वाळवलेल्या भाज्यांवर बराच अभ्यास झाला. ईशान्येत सर्वांत जास्त. राष्ट्रीय नोंदणीच्या २०२० च्या अहवालात मेघालयातल्या पूर्व खासी हिल्स जिल्ह्यात पुरुषांमध्ये हे प्रमाण दर लाखात ७५ च्या आसपास होतं, बायकांमध्ये ३३ च्या. तिथे 'क्वाय', म्हणजे ओली सुपारी, पान आणि चुना, पाहुण्याला पाण्याआधी दिला जातो. त्याच्या जोडीला तंबाखू.

लिनशियानची आठवण यावी असा हा आकडा आहे. पण पन्नास वर्षं तिथल्या रुग्णाची वाट गुवाहाटीच्या बरुआ कॅन्सर संस्थेकडे, आणि पुढे मुंबईच्या रेल्वेकडे जात राहिली. परळच्या फूटपाथवर मराठीच्या खालोखाल जी भाषा ऐकू येते, ती कधी बंगाली असते, कधी असमिया. आता थोडं बदलतंय. बरुआ संस्था २०१७ पासून टाटा मेमोरियलच्या व्यवस्थापनाखाली आहे. २०१२ मध्ये देशभरातल्या कॅन्सर केंद्रांना जोडणारी नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झाली. २८ एप्रिल २०२२ रोजी आसाममध्ये एकाच दिवशी सात कॅन्सर रुग्णालयांचं उद्घाटन झालं. महाराष्ट्रात २०१२ पासून राज्य सरकारच्या जीवनदायी योजनेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले योजनेत, कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आणि किरणोपचार येतात. वडिलांच्या खर्चाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आबांनंतर तेरा वर्षांनी आलं.

याहून अवघड जागाही आहेत. पूर्व आफ्रिकेत केनियापासून मलावीपर्यंत या कॅन्सरचा पट्टाच आहे. मलावीसारख्या देशात २०२० पर्यंत किरणोपचाराचं एकही यंत्र नव्हतं. तिथे बहुतेकांसाठी उपचार म्हणजे नळीत धातूची जाळीदार नळकांडी बसवून वाट मोकळी ठेवणं. त्याने आयुष्य फारसं वाढत नाही, पण माणूस शेवटपर्यंत जेवू शकतो. मला हा किरकोळ उपचार वाटत नाही. आबांच्या शेवटच्या दोन महिन्यांत आमच्या घरात स्वयंपाक करताना आजी दार लावून घ्यायची, फोडणीचा वास बाहेर जाऊ नये म्हणून.

तर वाचले असते का?

लिनशियानसारखी सरसकट तपासणी करमाळ्यात करून उपयोग नाही. जिथे लाखात पाच-सात रुग्ण, तिथे प्रत्येकाला दुर्बीण घालणं परवडणारं नाही आणि शहाणपणाचंही नाही. पूर्व खासी हिल्समध्ये मात्र त्याचा गंभीरपणे विचार व्हायला हवा. प्रत्येक प्रदेशाचं उत्तर वेगळं आहे, आणि ते काढण्यासाठी आधी तिथली माणसं मोजायला लागतात.

आमच्यासारख्या ठिकाणी करता येण्याजोगी गोष्ट साधी आहे. ब्रिटनमधल्या डॉक्टरांसाठी नियम आहे, की घास अडकतो असं रुग्णाने सांगितलं तर दोन आठवड्यांच्या आत दुर्बिणीची तपासणी व्हावी. पित्ताच्या गोळ्यांचा दुसरा डबा नाही. दिवाळी ते पाडवा पाच महिने होतात. त्या पाच महिन्यांनी आबांचा आजार नक्की किती पुढे गेला, हे कुणी सांगू शकणार नाही. दिवाळीलाच दुर्बीण घातली असती आणि पोहोचता येईल असं बसलेल्या हातांचं रुग्णालय असतं, तर शंभरातल्या चारऐवजी वीस-पंचवीसांत त्यांचा नंबर लागण्याची शक्यता होती. एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. त्यात खात्री नाही, पण विचारण्याजोगं काहीतरी होतं. त्यांच्या वाट्याला तो प्रश्नही आला नाही.

गेल्या वर्षी गावी गेलो होतो. जेवताना बघितलं, तर वडील आमटीत भाकरी कुस्करत होते. विचारलं, तर म्हणाले, "दात हलतोय, बाकी काय नाय." मी ताट सोडून उठलो आणि फोन लावला. पाचव्या दिवशी बार्शीला दुर्बीण झाली. आम्लाने आलेली थोडी सूज, बाकी नळी साफ. बाहेर आल्यावर वडिलांनी घसा चोळत चहा मागितला. मी म्हटलं, "जरा निवू द्या." ते कपाकडे बघत बसले. मग म्हणाले, "आबांना पण हितंच आणायला पायजे होतं. जवळ होतं की."